भाग ३७ : बर्फातली क्वाट्रो आणि आंबा घाटातला गिअर

(ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

म्युनिकमध्ये नोव्हेंबर उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "अरे, तुझ्याकडे ती ऑडी टीटी आहे ना? तिच्यातून तू खरंच स्कीइंगला जातोस? एवढीशी बुटकी गाडी, बर्फात चालते?" चालते. चांगली चालते. पण 'चालते' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, तो कसा ते सांगायला मला आज आमच्या आबांना मध्ये आणावं लागणार आहे. आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट, बरीच वर्षं.

आधी गाडीबद्दल. माझी टीटी २०१० ची, दुसऱ्या पिढीतली, टू लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, क्वाट्रो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड घेतली. बायकोचं म्हणणं होतं की मुलगी झाल्यावर माणसं स्टेशन वॅगन घेतात, तू उलटा निघालास. तिचं बरोबर होतं. मागची सीट नावालाच आहे, तिथे दप्तर बसतं, माणूस बसत नाही. पण ती सीट आडवी केली की मागच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत सलग जागा होते आणि १६५ सेंटिमीटरच्या स्की तिरक्या आरामात मावतात. मात्र मग गाडी दोघांचीच. आणि त्या स्की बांधायच्या बरं का, नुसत्या टाकायच्या नाहीत. जोरात ब्रेक लागला तर त्या भाल्यासारख्या पुढे येतात.

आता क्वाट्रो. या नावामागे एक छान गोष्ट आहे. १९७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे लोक फिनलंडमध्ये चाचण्या घेत होते. सोबत फोक्सवागन इल्टिस होती, लष्करासाठी केलेली साधी जीप. ताकद कमी, पण बर्फात ती भल्याभल्या गाड्यांना मागे टाकत होती, कारण चारही चाकांना इंजिनाची ओढ. यॉर्ग बेन्सिंगर नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यात आलं की हेच वेगवान गाडीत घातलं तर? १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो आली आणि पुढे रॅलीचं जगच बदललं.

१९८६ ची ती जाहिरात अनेकांनी पाहिली असेल. फिनलंडमधल्या काइपोलाची स्की-जंपची उतरण, आणि ऑडी १०० क्वाट्रो ती सरळ चढून जाते. चालवत होता हाराल्ड डेमुथ, रॅली ड्रायव्हर. ती जाहिरात पाहून मीही भारावलो होतो. तिच्यात एक बारीक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा कळली. त्या गाडीच्या टायरांना खिळे होते. म्हणजे चारही चाकं फिरवणारी यंत्रणा होतीच, पण बर्फाला धरलं होतं त्या खिळ्यांनी.

टीटीची क्वाट्रो मात्र त्या जुन्या क्वाट्रोसारखी नाही. इंजिन आडवं बसवलेलं आहे, एरवी बहुतेक ओढ पुढच्या चाकांना जाते. मागच्या बाजूला हाल्डेक्स नावाच्या स्वीडिश कंपनीचा क्लच आहे, तेलात बुडालेल्या चकत्यांचा. पुढची चाकं सुटायला लागली की संगणक त्या चकत्या दाबतो आणि मागची चाकं कामाला लागतात. हे इतक्या पटकन होतं की चालवणाऱ्याला जाणवतही नाही. जाणवतं ते एवढंच की गाडी निघाली. शेजारची निघाली नाही, आपली निघाली.

आणि इथेच माणूस बिघडतो.

२०१९ चा फेब्रुवारी. आबा पहिल्यांदा इकडे आले होते, नातीला बर्फात घसरताना बघायचं म्हणून. आम्ही शनिवारी क्यूटाईला निघालो. ऑस्ट्रियात, टिरोलमध्ये, २०२० मीटरवरचं गाव. बायको आणि मुलगी मित्राच्या मोठ्या गाडीतून, मी आणि आबा टीटीतून. म्युनिकहून गार्मिशच्या दिशेने, मग मिटेनवाल्ड, सीफेल्ड, आणि तिथून झिर्लर बेर्ग. हा घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, १६ टक्क्यांचा उतार आहे. कॅरॅव्हन जोडून उतरायला बंदी, आणि ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला वर चढणाऱ्या रेतीच्या वाटा काढून ठेवल्यात. आबांनी त्या वाटा बघितल्या आणि म्हणाले, "हे आमच्याकडं पायजे हुतं." त्यानंतर बराच वेळ गप्प.

झिर्लर बेर्ग साफ केलेला होता, मीठ टाकलेलं होतं. बर्फ सुरू झाला तो पुढे, केमाटेनहून झेलराइन खोऱ्यात शिरल्यावर. वर चढताना तर मला काय वाटत होतं विचारू नका. दोन-तीन गाड्या कडेला थांबून साखळ्या चढवत होत्या, एकाची चाकं नुसती गरगर फिरत होती, आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये, कधी दुसऱ्यात, मुंगीसारखा शांत वर. मी आबांना म्हणालो, "बघितलंत? क्वाट्रो!" आबा म्हणाले, "चढायला काय, बैल बी चढतोय."

दिवस छान गेला. लेक घसरली, पडली, रडली, परत घसरली. आबांनी कायझरश्मारन खाल्लं आणि हे आपल्या तुटलेल्या घावनासारखं आहे असा निकाल दिला. दुपारभर बर्फ पडतच होता. चारच्या सुमाराला आम्ही उतरायला लागलो.

मी फार वेगात नव्हतो. ४५-५० असेन. कोरड्यात तो रस्ता तुम्ही ७० ने उतराल. एक डावं वळण आलं, मी आधी ब्रेक दाबला आणि पायाखाली ती एबीएसची थरथर सुरू झाली. गाडीचा वेग मात्र कमी होईना. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. गाडी सरळ. आणखी वळवलं. तरी सरळ. समोर नांगराने सारलेल्या बर्फाची भिंत, तिच्यापलीकडे खाली ओढ्याचं पात्र, आणि त्या बाजूला बसलेले आबा.

"ब्रेक सोड."

ओरडले नाहीत. बसमध्ये कंडक्टरला सांगावं तसं म्हणाले. मी सोडला नाही. अशा वेळी पाय उचलवत नाही, करून बघा. "सोड म्हंतोय न्हवं!" तेव्हा सोडला. आणि सोडल्यावर पुढची चाकं फिरायला लागली, नाक डावीकडे वळलं, आणि आम्ही भिंतीला समोरून न जाता उजवी कूस घासत गेलो आणि थांबलो. बंपरला तडा, आरसा मोडला. आबांचं दार उघडेना, ते माझ्या बाजूने उतरले. भिंत मऊ होती म्हणून. तिथे लोखंडी कठडा असता किंवा काहीच नसतं तर हा भाग मी केला नसता.

मित्राची गाडी मागून येत होती. मुलीने खिडकीतून पाहिलं की आजोबा बर्फात उभे आहेत. तिला वाटलं, ते खेळतायत.

आता झालं काय, ते नीट बघू. गणित साधं आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.८ धरा, दाबलेल्या बर्फावर ०.२, निव्वळ काचेसारख्या बर्फावर ०.१. ताशी ५० वरून सपाट कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे १२ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर ५०. आता त्याच बर्फावर १० टक्के उतार द्या. उतार पकडीतले ०.१ खाऊन टाकतो, उरतात ०.१, म्हणजे १०० मीटर. आणि काचेसारखा बर्फ असेल तर ०.१ वजा ०.१, शून्य. गाडी थांबतच नाही. या हिशेबात चाकं दोन फिरतात की चार, याला जागाच नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चार चाकांनाच असतात. क्वाट्रो मला निघायला मदत करते, थांबायला नाही. उलट ती निघताना जी खात्री देते तीच घात करते, कारण साध्या गाडीत चाक घसरून रस्ता कसा आहे हे चढतानाच कळतं. मला ते पहिल्यांदा उतारावर कळलं.

आणि दुसरी गोष्ट, टायर. माझ्या गाडीला हिवाळी टायर होते. गाडीबरोबर मिळाले होते. नक्षी पाच मिलिमीटर, ऑस्ट्रियाच्या कायद्याला चार लागते, म्हणजे पास. दुसऱ्या दिवशी आबा पार्किंगमध्ये खाली बसून टायरवर नख दाबत होते. "ह्ये दगड झालंय," म्हणाले. मग मी बाजूवरचे आकडे वाचले : ४११०. म्हणजे २०१० सालचा एक्केचाळिसावा आठवडा. आठ वर्षांहून जुनं रबर. हिवाळी टायरची सगळी करामत म्हणजे थंडीत मऊ राहणारं रबर आणि बर्फाला चावणाऱ्या बारीक चिरा. रबरच कडक झालं की नक्षी नुसती शोभेची. इंजिनिअर मी, आणि टायर ओळखला सातवी पास माणसाने. असो.

तेव्हापासून काय करतो ते सांगतो. जर्मन लोक म्हणतात ओ ते ओ, ऑक्टोबर ते ऑस्टर्न म्हणजे ईस्टर. या काळात हिवाळी टायर. त्यावर डोंगर आणि हिमकण हे चिन्ह पाहिजे. नुसतं एम प्लस एस आता जर्मनीत, ऑक्टोबर २०२४ पासून, चालत नाही. नक्षी मोजायला दोन युरोचं नाणं खाचेत घाला, त्याची चंदेरी कड चार मिलिमीटरची आहे, ती दिसायला लागली की टायर बदला. उन्हाळी चाकं माझी १८ इंची आहेत, हिवाळ्यासाठी १७ इंची आणि जरा अरुंद घेतली. दिसायला गाडी थोडी बावळट दिसते. पण अरुंद टायरवर साखळी बसते, रुंद टायरवर बऱ्याचदा जागाच नसते.

आणि आबांचा नियम. घाटातल्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला तो पाठ असतो : ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मी चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात होतो, उतरताना चौथ्यात, ब्रेकवर पाय ठेवून. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवतं, आणि चारचाकी ओढीच्या गाडीत ते धरणं मागच्या चाकांपर्यंतही पोचू शकतं. जोरात ब्रेक मारून एबीएस चालू झालं की हाल्डेक्सचा क्लच मागची चाकं मोकळी सोडतो, कारण एबीएसला प्रत्येक चाक वेगळं आवरायचं असतं. म्हणजे तिथे माझी टीटी आणि कुठलीही साधी गाडी सारखीच. फक्त एक सांभाळा : बर्फात गिअर खाली आणताना क्लच हळू सोडा, झटका दिला तर चाक तिथेच सुटतं. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा. वळणात ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही मागितलं की टायर दोन्ही देत नाही.

बारीकसारीक दोन गोष्टी. वर हॉटेलात रात्रभर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओल्या ब्रेकमध्ये गोठून बसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आणि ओल्या स्की, ओले बूट आत आले की काचा धुरकटतात, तेव्हा हीटरबरोबर एसीही लावा, हवा कोरडी होते. टीटी बुटकी आहे, त्यामुळे २० सेंटिमीटर ताजा बर्फ असेल तर गाडीचं पोट त्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत हातपाय मारतात. त्या दिवशी नांगराची गाडी जाऊन येईपर्यंत चहा प्यायचा.

मग घ्यावी का अशी गाडी? एका श्रोत्याने अगदी हेच विचारलंय. हौस असेल तर घ्या. मी विकली नाही. पण बजेट मोजून-मापून असेल तर साधी पुढच्या चाकांची गाडी आणि नवे कोरे हिवाळी टायर घ्या, जुन्या टायरांची क्वाट्रो नको. पहिली गाडी कदाचित वर चढणार नाही. ते परवडतं.

साखळ्या मात्र दोघांनीही ठेवा. निळ्या गोल पाटीवर साखळीचं चाक दिसलं की जर्मनीत फोर व्हील ड्राइव्हलाही त्या लावाव्याच लागतात, आणि मग ५० च्या वर जायचं नाही. कुठल्या चाकांना लावायच्या ते मॅन्युअलमध्ये असतं, माझ्या गाडीला पुढच्या. आणि घरी, कोरड्यात, उजेडात एकदा चढवून बघा. त्या अपघातानंतरच्या रविवारी मी आणि आबांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये चढवल्या, त्यांनी उजवीकडची, मी डावीकडची. मला पंचवीस मिनिटं लागली. आबा तोवर हात पुसून, माझ्या बाजूला येऊन, कडी उलटी अडकवली आहेस असं सांगून वर चहाला गेले होते.