ओझे पडताच बंद पडणारा ट्रॅक्टर

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात होसकोटे लागते. इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला हे नाव परके वाटू नये. १७६८ साली मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला, तो येथेच. आज त्या बाजूला कारखाने आणि गोदामे उभी राहिली आहेत. तथापि तांबड्या मातीची शेते अजून शिल्लक आहेत, आणि अशाच एका शेतात माझ्या मावशीचे यजमान नाचणी पिकवितात. आम्ही त्यांना काका म्हणतो.

काकांचा ट्रॅक्टर चाळिशी ओलांडलेला. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मी तेथे गेलो, तेव्हा तो बांधाशी मुकाट उभा होता. चावी फिरविताच सुरू होई, रस्त्यावर रिकामा धावेदेखील. पण नांगर जमिनीत उतरला, की दहा-पंधरा मिनिटांत त्याचा आवाज खोल जाई आणि तो बंद पडे. घटकाभर विसावा दिला, की पुन्हा सुरू. एका कारागिराने डिझेलचा पंप उतरवून दुरुस्त करून आणला होता. पैसे गेले, दुखणे राहिले. आता तो इंजिनच उघडावे म्हणत होता. इकडे पाऊस होऊन जमिनीला वापसा आला होता. तांबडी माती वाट पाहत नाही. चार दिवस ऊन पडले, की वरचा थर टणक होतो. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत मिळणे कठीण. कंटाळून काकांनी भंगारवाल्याला निरोप धाडला होता.

मी त्यांना म्हटले, "काका, इंजिन उघडण्यापूर्वी मला एक सकाळ द्या."

येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे. डिझेल इंजिन रिकामे फिरत असताना तासाला लिटरभर तेलावर भागते. तेच नांगरटीला जुंपले, की चार-पाच लिटर लागते. ओझ्याने वेग उतरू लागला, की गव्हर्नर नावाचा भाग पंपाकडून अधिक तेल मागतो. हे तेल टाकीतून, नळीतून, गाळण्यांतून वेळेवर पोहोचलेच नाही, तर गव्हर्नरने कितीही मागणी केली तरी उपयोग काय? म्हणूनच असा ट्रॅक्टर रिकामा असताना धडधाकट वाटतो आणि कामाला लागताच धापा टाकतो.

पहिला साक्षीदार धूर. ओझ्याखाली इंजिन काळाकुट्ट धूर ओकीत दबत असेल, तर हवेची गाळणी कोंडलेली आहे, तेलाचा फवारा नीट पडत नाही, की नांगरच फार खोल गेला आहे, हे पाहावे. ब्रेक चिकटून राहिले नाहीत ना, तेही तपासावे. परंतु काळा धूर न सोडताच इंजिन क्षीण होत गेले, तर संशय तेलाच्या वाटेवर घ्यावा. आमच्या ट्रॅक्टरचा धूर विरळच होता.

मग टाकीपासून पुढे निघालो. पंपापासून मागे नव्हे. कारण टाकीकडचे काम पान्याने होते, पंपाकडचे पैशाने. गाळण्या नव्याच होत्या. गाळणीशी नळी सैल केली. तेल चांगले वाहत होते. हवेचे बुडबुडे येतात का पाहिले, नव्हते. मी जरा खट्टू झालो. कारण आम्ही हे सारे विसावलेल्या इंजिनावर पाहत होतो, आणि दुखणे तर श्रमात प्रकट होणारे. तेव्हा काकांना म्हटले, नांगर धरा, आणि बंद पडताक्षणी जागचे हलू नका.

दोन फेऱ्यांनंतर आवाज उतरला. मी धावत जाऊन टाकीचे झाकण फिरविले, तोच आतून 'स्सू' असा दीर्घ सुस्कारा ऐकू आला.

मूळ झाकण वर्षापूर्वी हरवले होते. काकांनी दुसरे एक झाकण शोधून, त्याखाली जुन्या ट्यूबचे रबर कापून घट्ट बसविले होते. पाऊस आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. त्या झाकणाला हवेचे छिद्रच नव्हते. तेल भरभर खेचले जाऊ लागले, की टाकीत पोकळी निर्माण होई आणि तेल पुढे सरकेनासे होई. विसाव्यात कोठून तरी थोडी हवा झिरपे, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा सुरू होई. काकांच्या काळजीनेच त्याचा श्वास कोंडला होता! (मूळ झाकणातही हे छिद्र मातीने बुजते, कुंभारीण माशी त्यात घर करते, हेही मी पाहिले आहे.)

झाकणाला बारीक भोक पाडायला काका आधी तयार होईनात. "अरे, पाणी जाईल की आत!" पाणी जाणारच होते, त्यांचे चूक नव्हते. म्हणून तेवढ्यापुरते भोक पाडून वर पत्र्याची वाकडी टोपी बसविली, आणि पुढच्या आठवड्यात बंगळूरच्या जे. सी. रोडवरून योग्य झाकण आणले. गाळणीवरचा स्क्रू सैल करून नळीतली हवाही काढून घेतली.

दुपारनंतर नांगर पुन्हा जमिनीत उतरला. भंगारवाला चारच्या सुमारास आला, तेव्हा काका शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मावशीने त्याला चहा दिला. तो पिऊन, आवाज ऐकत थोडा वेळ बसला आणि निघून गेला.