एक किल्ली, अनेक कुलुपें



पूर्वी लष्करी छावणीभोंवतीं पहारा बसे, तेव्हां रात्रीं येणारास परवलीचा शब्द विचारीत. तो न सांगणारा परका ठरे. आज पासवर्डाला मराठींत तेंच नांव आहे. पुण्याच्या पश्चिमेस बावधनसारख्या वाढत्या वस्तींत बँक, विजेचें बिल, टपाल, जेवणाची मागणी, साऱ्या दारांवर तो सांगावा लागतो. दारें वाढलीं, परंतु पुष्कळ घरांत शब्द एकच राहिला. ह्या संवयीचें मोल २०१७ सालच्या एका घटनेवरून कळतें.

त्या वर्षीं मे महिन्यांत झोमॅटो कंपनीकडील सुमारें १ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी चोरीस गेल्या. चोर शिरला कसा, हें पुढें कंपनीनेंच सांगितलें. २०१५ सालीं एका निराळ्याच संकेतस्थळावरून परवलीचे शब्द उघडे पडले होते. तेथें कंपनीच्या एका तंत्रज्ञाचें खासगी खातें होतें, आणि तोच शब्द त्यानें कामाच्या खात्यासहि लाविला होता. त्या वाटेनें चोरास कंपनीच्या प्रणालीची संहिता वाचावयास मिळाली. तींतील उणीव हेरून तो नोंदींपर्यंत पोंचला. एकाची संवय, आणि झळ कोट्यवधींना!

दक्ष संकेतस्थळें शब्द जसाच्या तसा ठेवीत नाहींत; जणूं जात्यांत दळून त्याचें पीठ तेवढें ठेवितात. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहींत. परंतु जातें चोराजवळहि असतें. नांवें, जन्मतारखा, सोपे आंकडे दळून तो पिठाशीं पीठ ताडून पाहतो. २००९ सालीं रॉकयू येथून ३ कोटींहून अधिक शब्द, न दळलेलेच, बाहेर पडले. त्यांत सर्वांत अधिक वेळां आढळला तो ‘१२३४५६’!

म्हणून प्रत्येक दारास निराळा शब्द असावा, आणि तो लांब असावा. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडले, तर लक्षांत राहतात आणि चोरास सहज सांपडत नाहींत. इतके शब्द पाठ होत नसतील, तर वहींत लिहून ती कपाटांत कुलुपाआड ठेवावी. दूरदेशींच्या चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोंचत नाहीं. ई-मेलच्या खात्यास सर्वाधिक जपावें, कारण इतर खात्यांचे विसरलेले शब्द बहुधा तेथूनच बदलून मिळतात. तेथें आणि बँकेंत ओटीपीसारखी दुसरी खूणहि लावावी, व ती कोणासहि सांगूं नये.

एखाद्या ठिकाणीं चोरी झाल्याचें कानीं येतांच तेथील शब्द त्याच दिवशीं बदलावा. आणि तोच आणखी कोठें लाविला असेल, तर तेथेंहि बदलावा. हें काम घरांतील जाणत्या मुलानें आजी-आजोबांशेजारीं बसून करून द्यावें. घरांतील एक खातें उघडें पडलें, तर त्याचा उपद्रव साऱ्या घरास होतो.