घरच्या विजेवर बारा व्होल्टचा पंप



पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप अनेकांच्या घरी कोपऱ्यात पडून असतो. बॅटरी बसलेली असते, पण तळातली छोटी मोटर चांगली असते. हौदातले पाणी उचलून परसातल्या मिरची-वांग्याच्या रोपांना द्यायला ती उपयोगी पडते. मग ती घरच्या विजेवर चालेल का? चालेल. मात्र जोडणी चुकली तर पंपच नव्हे, माणूसही जातो. म्हणून आजच्या गोष्टी नीट लक्षात घ्या.

घरची वीज 230 व्होल्टची आणि ए.सी. असते. या मोटरीला 12 व्होल्टची डी.सी. वीज लागते. कोणी सांगतो, मध्ये एक बल्ब जोडा, नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर लावा, व्होल्ट कमी होतील. हे मुळीच करू नका. अशा जोडणीत घरच्या विजेची तार थेट पंपापर्यंत पोचते. पंप ओला, जमीन ओली, पाय अनवाणी. धक्का जिवावर बेतायला वेळ लागत नाही.

दुकानातून 12 व्होल्ट डी.सी.चा तयार पॉवर सप्लाय किंवा ॲडॅप्टर आणावा. त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहून घ्यावे. चांगल्या ॲडॅप्टरमध्ये घरची वीज आणि पंपाकडे जाणारी वीज एकमेकींपासून अलग ठेवलेली असते. आपले रक्षण होते ते त्यामुळेच.

आता अँपियर पाहा. समजा, मोटरीवर 12 व्होल्ट, 4 अँपियर लिहिले आहे. म्हणजे ती 48 वॅटची झाली. सुरू होताना मोटर जास्त वीज ओढते, म्हणून ॲडॅप्टर 6 ते 8 अँपियरचा घ्यावा. फवारणी पंपाबरोबर मिळालेला चार्जर साधारण दीड-दोन अँपियरचाच असतो. तो बॅटरी भरण्यासाठी आहे, त्यावर मोटर चालवू नये. जुनी बॅटरी जोडणीतून काढून टाकावी. लाल तार अधिकला, काळी उणेला जोडावी आणि लाल तारेत 5 अँपियरचा फ्यूज घालावा.

ॲडॅप्टर हौदाजवळ नेऊ नका. तो घरात, कोरड्या जागी, भिंतीवर उंच बसवा. तिथून पंपाकडे 12 व्होल्टची तार न्यावी. पण ही तार फार लांबवली तर वाटेतच व्होल्ट घटतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत, 4 अँपियरला, 20 मीटर अंतरावर जवळजवळ 2 व्होल्ट कमी होतात आणि पंप रडतखडत चालतो. 5 मीटरला अर्धा व्होल्टच जातो. अंतर जास्त असेल तर 4 चौरस मिलिमीटरची तार घ्यावी.

घरात अर्थिंग चांगले असावे आणि 30 मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. वायरमनकडून बसवून घ्यावा. ओल्या हाताने पिन काढू-घालू नये. पंपाला हात लावण्याआधी पिन काढायचीच, बरं का!

ही मोटर पाण्यात बुडवायची नाही. ती बाहेर ठेवून फक्त नळी पाण्यात सोडावी, नळीच्या तोंडाला जाळी लावावी. मोटर फार तापली तर थोडी विश्रांती द्यावी. पाण्यावाचून कोरडी चालवू नये.

आणखी एक गोष्ट. ज्या पंपाने तणनाशक फवारले, तो रोपांसाठी वापरू नका. उरलेल्या अंशानेही कोवळी रोपे करपतात किंवा वाकडी होतात. औषध फवारलेल्या पंपाचे पाणी पिण्याला नको आणि गुरांच्या टाकीलाही नको.

खर्च म्हणाल तर एका युनिटात असा पंप 15 ते 18 तास चालतो. वीज थोडीच लागते. पण ॲडॅप्टरपर्यंत येणारी वीज 230 व्होल्टचीच आहे, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना सांगून ठेवा.