मोटारीची गुणगुण काय सांगते?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पिकाचा रोग आपण पानावरून ओळखता, जनावराचे दुखणे ते रवंथ करते की नाही यावरून ओळखता. विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि डीपी यांचे दुखणे बऱ्याच वेळा आवाजावरून कळते. ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च होतोच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे पिकाची पाण्याची पाळी चुकते. म्हणून हा आवाज कशाने होतो आणि तो केव्हा धोक्याचा समजावा, ते आज पाहू.

गुणगुण का होते?

आपल्याकडे येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तारेच्या गुंडाळीतून अशी वीज गेली की आतील लोखंडाचे चुंबक बनते. विजेची दिशा बदलली की चुंबकाची टोके उलटतात. पण लोखंडाला कोणतेही टोक सारखेच ओढते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा ओढ बसते. त्या ओढीने लोखंड थरथरते आणि ती थरथर आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येते.

डीपीत फिरणारा भाग नसतो, तरी ती घुमते. तिच्यात पातळ पोलादी पत्र्यांचा गठ्ठा असतो. चुंबकत्व आले की हे पत्रे अगदी किंचित, दहा लाखांत काही भाग एवढेच, लांबी बदलतात. तेवढे पुरे होते. म्हणूनच सगळे पंप बंद असतानाही डीपीची गुणगुण चालूच असते. एकसारखी, मंद गुणगुण हा बिघाड नव्हे.

स्टार्टर कर्कश वाजत असेल तर

स्टार्टरमधील कॉइलचे चुंबक पट्टी ओढून धरते. ही ओढ मधूनमधून सुटू नये म्हणून चुंबकाच्या तोंडाशी तांब्याची छोटी कडी बसवलेली असते. कडी तुटली, तोंडावर गंज चढला, किंवा मुंगळे-पाली आत शिरून चिरडल्या, तर पट्टी नीट टेकत नाही आणि स्टार्टर कर्कश वाजतो. मधे फट राहिली की कॉइल जास्त वीज ओढते व जळते. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, तोंड कोरड्या फडक्याने पुसावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. त्यावर धूळ चिकटते. दाब कमी असला तरी पट्टी खडखड उडते. अशा वेळी पट्टी काडीने दाबून धरून मोटार चालवणे म्हणजे मोटार जाळणे होय.

मोटार घुं करते, पण फिरत नाही

हा आवाज सर्वांत धोक्याचा. तीन फेजपैकी एक गेली की मोटारीतले चुंबकत्व फिरत नाही, जागच्या जागी धडधडते. मोटार घुमते, पण उठत नाही आणि नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. वाइंडिंग जळायला मग वेळ लागत नाही. चालत्या मोटारीची फेज गेली तर ती चालूच राहते. मात्र आवाज जड होतो व उरलेल्या दोन फेजवर सुमारे पावणेदोन पट भार येतो. अशा वेळी दिव्याने तपासल्यास फसगत होते, कारण चालती मोटार गेलेल्या फेजवरही दाब निर्माण करते. म्हणून तपासणी मोटार बंद करूनच करावी.

पंपाचा इंपेलर अडकला किंवा दाब फार उतरला तरी मोटार अशीच घुमते. दाब २० टक्क्यांनी उतरला की मोटारीची ओढण्याची ताकद ३६ टक्क्यांनी घटते. सिंगल फेज मोटार घुमून थांबत असेल तर आधी कंडेन्सर तपासून घ्यावा.

सबमर्सिबल मोटार बोअरमध्ये खोल असते, तिचा आवाज वर येत नाही. तिच्यासाठी अँपिअर मीटरचा काटा हाच आवाज. मोटार नीट चालत असताना काटा कोठे असतो, तो आकडा स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा.

एवढे लक्षात ठेवा

१) आवाज बदलला की आधी मोटार बंद करा, कारण नंतर शोधा. घुमणारी मोटार पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

२) ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणेच लावा. सतत ट्रिप होतो म्हणून वाढवू नका.

३) सिंगल फेज प्रतिबंधक बसवा. रात्री वीज येते म्हणून ऑटो स्विच लावला असेल, तर तो हवाच. कारण त्या वेळी आवाज ऐकायला शेतात कोणी नसते.

४) आवाजात घरघर किंवा खरखर असेल तर तो विजेचा नसून बहुधा बेअरिंगचा असतो. ते वेळीच बदला.

५) डीपीतून तडतड ऐकू आली, तेल गळताना दिसले, तर दूर राहा व वायरमनला कळवा. डीपीचा फ्यूज स्वतः टाकू नका. मोटार पुन्हा भरता येते, गेलेला माणूस परत येत नाही.

आपल्या मोटारीचा नेहमीचा आवाज घरातल्या प्रत्येकाने एकदा नीट ऐकून ठेवावा, म्हणजे बदललेला आवाज लगेच ओळखता येईल.