घरच्या पाटीवरची पहिली ओळ



दसऱ्याला घरोघरी पाटीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते, हळद-कुंकू वाहिले जाते आणि घरातील धाकट्याचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले जाते. तो हात धरणारी व्यक्ती शिक्षक नसते. ती आई असते, आजोबा असतात, कधी थोरली बहीण असते. अक्षराची पहिली ओळख घरात व्हावी, हा क्रम परंपरेनेच लावून दिलेला आहे. मात्र दुसऱ्या दिवशी पाटी फडताळात जाते आणि लेखन ही शाळेची, शिकवणीची आणि लाल शाईची बाब होऊन बसते.

आज काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा मार्ग स्वीकारतात. त्याहून कितीतरी अधिक कुटुंबांत मूल शाळेत जाते. पण लेखनाचा पाया घरीच घालावा लागेल, हे पालकांच्या ध्यानात आलेले असते. दोघांपुढे प्रश्न एकच उभा राहतो : सुरुवात कोठून करावी?

घर हीच शाळा झाली तेव्हा

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. प्राथमिक वर्गातील मुले दीड वर्षाहून अधिक काळ घरीच होती. नांदेड असो की लातूर, प्रत्येक घराला त्या काळात शाळा व्हावे लागले. मोबाईलवरून पाठ आले, स्वाध्याय आले, भरलेल्या वह्यांची छायाचित्रे गेली. परंतु त्या वह्यांतील बराचसा मजकूर उतरवून काढलेला होता. मुलाने स्वतःच्या मनातून लिहिलेली चार वाक्ये त्यांत शोधावी लागत.

याचे खापर एकट्या महामारीवर फोडता येणार नाही. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली. त्यामागील परिश्रम आणि शिस्त वंदनीयच आहे. नांदेडमध्येही आज खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्या घेऊन रात्रंदिवस अभ्यास करतात. तथापि या स्पर्धा परीक्षांत उत्तर लिहायचे नसते, चार पर्यायांतून एक निवडायचा असते. दहा वर्षे केवळ निवडण्याचा सराव झालेला विद्यार्थी पुढे डॉक्टर होतो. रुग्णाच्या नातेवाइकांना समजेल असे एक पान मराठीत लिहिण्याची वेळ आली की त्याची लेखणी अडते. ही उणीव बुद्धीची नाही, सवयीची आहे. आणि सवय लागण्याचे वय सहा ते बारा हे आहे.

सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा

लेखनाच्या अभ्यासक्रमाचा विचार या भूमीला नवा नाही. मराठवाड्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर सुटे, वाटोळे आणि सरळ असावे. काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट असावी. ओळीला ओळ भिडू नये. पहिले अक्षर जसे, तसेच शेवटपर्यंत चालावे. वृद्धपणीही वाचता येईल अशा बेताने तरुणपणी लिहावे. इतका बारकावा त्यात आहे.

पण परंपरेतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहिले, अशी कथा आहे. नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतले. समर्थांनी सांगितले, कल्याणस्वामींनी लिहिले. आपले थोर ग्रंथ असे सांगणाऱ्याचे एक काम आणि लिहिणाऱ्याचे दुसरे काम, अशा विभागणीतून सिद्ध झाल्याचे परंपरा सांगते. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी, तीही शुद्धलेखनाच्या नियमांसह, अपेक्षिली जातात. मूल वाक्य जुळवू लागते तोच हात दुखतो. हात सावरतो तोच वेलांटी चुकते. वेलांटीवर बोट ठेवले की मनातील वाक्य उडून जाते. मग ‘याला लिहायचा कंटाळा आहे’ असा निष्कर्ष काढला जातो.

तीन धागे वेगळे ठेवावेत

लेखनात हात, भाषा आणि विचार असे तीन धागे असतात. प्रारंभीच्या काळात हे तिन्ही वेगवेगळे कातावेत आणि पुढे एकत्र विणावेत, हेच घरच्या लेखनशिक्षणाचे सूत्र आहे. त्यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. रोजचा अर्धा तास, एक पाटी, दोन वह्या आणि ऐकून घेणारे एक माणूस एवढे पुरते. त्यातही ऐकणारे माणूस नसेल, तर बाकीच्या वस्तूंचा उपयोग नाही.

हाताच्या धाग्याला दहा मिनिटे द्यावीत. मुळाक्षरे अनुक्रमाने न शिकवता वळणाच्या सारखेपणाने शिकवण्याची ‘ग म भ न’ ही रीत चांगली आहे. एक वळण बसले की शेजारची अक्षरे सहज येतात. बाजारातील गिरवण्याच्या वह्या निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहून घ्यावेत. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात स्वीकारलेले आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयातही कायम ठेवलेले वळण आहे.

भाषेच्या धाग्यालाही दहा मिनिटे. मोठ्याने वाचून दाखवावे, मुलाने ऐकावे. बालभारतीची पुस्तके आणि १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक ही सहज मिळणारी सामग्री आहे. आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन घ्यावे. मात्र ते वाक्य मुलाने आदल्या दिवशी नीट पाहिलेले असावे. श्रुतलेखन हा सापळा नव्हे, पाहिलेले आठवण्याचा तो सराव आहे.

विचाराच्या धाग्याला उरलेला वेळ. येथे मुलाने फक्त सांगावे. आज काय पाहिले, गोष्टीत पुढे काय झाले, आजोबा काय म्हणाले, हे त्याने बोलावे आणि आईने किंवा वडिलांनी शब्दशः लिहून घ्यावे. मग ते त्याला वाचून दाखवावे. आपण बोललेले कागदावर टिकते आणि परत ऐकू येते, हा अनुभव मुलाला लेखनाचा अर्थ सांगून जातो.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात मुलाने सांगावे आणि मोठ्यांनी लिहावे, याहून अधिक काही नको. पाटीवरचा अक्षरसराव तेवढा स्वतंत्र चालू ठेवावा. दुसऱ्या महिन्यात मुलाने स्वतः सांगितलेल्यातील एक वाक्य निवडून ते वहीत सुंदर अक्षरात उतरावे. वाक्य त्याचेच असल्याने उतरवणे जड जात नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने तीन वाक्ये आपल्या हाताने लिहावीत.

चुका येथून दिसू लागतात आणि पालकांच्या संयमाची परीक्षाही येथूनच सुरू होते. एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष द्यावे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत. ते एका संध्याकाळी शिकवायचे नसतात. एका आठवड्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी व उकार दीर्घ, एवढेच पाहावे : पाटी, वही, आजी, खडू, लाडू. पुढच्या आठवड्यात ‘ऊस’ दीर्घ, पण ‘उसाचा’ ऱ्हस्व. ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलाला’ ऱ्हस्व. उसाच्या फडांशेजारी वाढणारे मूल हा नियम पाठ न करताही लक्षात ठेवते. बाकीच्या चुका त्या आठवड्यात पाहूनही न पाहिल्यासारख्या कराव्यात.

बोलीची लाज नको

मूल सांगते, ‘आजी भाकरी करायलीय.’ हे वाक्य लिहून घेताना हात थबकतो आणि ‘आजी भाकरी करत आहे’ असे सुधारले जाते. तसे करू नये. ‘करायलीय’ हे अशुद्ध मराठी नाही, ती नांदेड-लातूरकडची बोली आहे. पहिली वही या बोलीतच भरावी. पुढे पत्र किंवा निबंध लिहिताना तेच वाक्य प्रमाण मराठीत कसे येते, हे शेजारी लिहून दाखवावे. देगलूर, धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर, निलंग्याकडे कन्नड मुलाच्या कानावर पडते. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलली जाते. त्या मुलांना आणखी एक पायरी चढावी लागते. घरच्या भाषेबद्दल लाज वाटू लागली की मूल आधी बोलायचे थांबते आणि मग लिहायचे.

घराने भाषा राखण्याचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून होते. त्या काळात मराठी जगवली ती जात्यावरच्या ओव्यांनी, कीर्तनांनी, घरातील ग्रंथवाचनाने आणि १९२१ मध्ये सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या प्रयत्नांनी. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर त्याच शाळेत शिकवत होते. त्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या विद्याव्यासंगी घरात घडले. पदवी त्यांना उशिरा मिळाली. वाचन, श्रवण आणि वादविवादाचे शिक्षण मात्र घरात वेळेवर मिळाले होते.

लिहायचे कशाविषयी?

‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर मोराचेच दहा ओळींचे वर्णन करण्यात मुलाचे काय आहे? प्रत्येक घरात सांगण्याजोगे पुष्कळ असते. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या दिवसांविषयी पणजोबांनी सांगितलेल्या आठवणी अजून काही घरांत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, त्या रात्री घरातील मंडळी कोठे होती? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा घरात दिवसाला किती घागरी पुरवाव्या लागत? माळेगावच्या यात्रेत काय काय पाहिले? मुलाने आजीला पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. हा लेखनाचा पाठ आहे आणि इतिहासाचाही. आजी आहे तोवरच तो घेता येतो.

लिहिलेले कोणी तरी वाचलेही पाहिजे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. त्या धर्तीवर चार-पाच घरांनी मिळून महिन्याला एक हस्तलिखित काढावे. पुण्याच्या आत्याला पोस्टकार्ड जावे आणि तिचे उत्तर यावे. वाचक आहे हे कळले की अक्षरही आपोआप सुधारते.

काही सावधगिरी

संपूर्ण गृहशिक्षणाचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयोगटासाठी शाळेची हमी आहे. गृहशिक्षणाची वेगळी तरतूद त्यात नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ हे मार्ग आहेत. राज्याचे मंडळ पाचवी, आठवी आणि दहावी या स्तरांच्या परीक्षा घेते. ज्या घरात मुलासाठी रोज निवांत वेळ देणारे मोठे माणूस नाही, त्या घराने शाळाच धरावी आणि लेखनाचा अर्धा तास घरी सांभाळावा. ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर फडावर जाणारे मूलही शाळेबाहेर असते. पण ते गृहशिक्षण नव्हे, ती वंचितता आहे. आपल्या घरच्या हस्तलिखितात अशा एखाद्या मुलाने सांगितलेली गोष्ट उतरून घेता आली, तर त्या अर्ध्या तासाचे मोल दुप्पट होईल.

नव्या उपक्रमाचा उत्साह जूनमध्ये असतो आणि गणपतीपर्यंत ओसरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून आरंभ लहान असावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून घेऊ नये. राहिलेल्या जागेवरून पुढे जावे. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना करू नये. रोज थोडे लिहावे आणि नित्य वाचावे, हा समर्थांचा उपदेश मोठ्यांनाही लागू आहे. ज्या घरात आई-वडील केवळ मोबाईलवर बोटे फिरवतात, तेथे मुलाने वही उघडावी तरी कोणाकडे पाहून?

येत्या दसऱ्याला सरस्वतीची पाटी पुजून झाली की ती फडताळात ठेवू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला शेजारी बसवावे आणि विचारावे, ‘आज काय झालं, सांग बरं.’ तो जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्याच्या लेखनाचा पहिला धडा तेवढाच.