पानवल नदीवरील पूल



रत्नागिरी स्थानक सोडून गाडी निवसरच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात डब्यातील गप्पा आपोआप थांबतात. खिडकीखाली जमीन उरलेली नसते. सुमारे ६४ मीटर खाली, दरीच्या तळाशी, पानवल नदी एखाद्या रेघेसारखी दिसते. ४२४ मीटर लांबीचा हा पूल उभा राहिला, त्या काळी तो देशातील सर्वांत उंच रेल्वेपूल ठरला.

या उंचीमागे कोकणाची मोठी प्रतीक्षा आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याला गावी जाण्यासाठी आधी बोट आणि मग घाटवळणांची एस. टी. एवढाच आधार होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. अ. ब. वालावलकरांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै यांनी तो प्रश्न संसदेत लावून धरला. दोघांनाही ती गाडी पाहता आली नाही. १९९० साली मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले व ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, असा हा पसारा होता. त्यात पानवलची दरी विशेष अवघड. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारून वरचा भाग ओतणे व्यवहार्य नव्हते. म्हणून अभियंत्यांनी निराळी रीत स्वीकारली. पुलाचा एक तुकडा काठावरच ओतायचा, तो पक्का झाला की द्रवदाबावर चालणाऱ्या जॅकने खांबांवरून पुढे सरकवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याला जोडूनच पुढचा तुकडा ओतायचा. आघाडीला पोलादी नाक बसवलेले असे. पुढच्या खांबाला आधी तेच टेकत असे. अशा रीतीने संपूर्ण पूल एका काठावर घडत गेला आणि कणाकणाने दुसऱ्या काठाला पोहोचला. रेल्वेपुलासाठी ही पद्धत भारतात नवीनच होती.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. हा मार्ग घडवताना प्राण गमावलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकात श्रमशक्ती स्मारक उभे आहे. पूल पाहणाऱ्याने तेथेही क्षणभर थांबावे.

शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात या पुलाची आठवण सयुक्तिक वाटते. पुलाचा पहिला तुकडा सर्वांत आधी काठ सोडतो, परंतु मागून येणारा प्रत्येक तुकडा त्याला जोडलेलाच राहतो. त्या जोडणीवाचून तो दरीत कोसळला असता. साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीचे मागच्या तुकडीशी असेच नाते असावे. पुढे गेलेल्यांनी जोड सुटू देऊ नये, आणि मागून येणाऱ्यांनी आपला काठ विसरू नये.