गेटवरची मधुमालती
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)

गेटवरची मधुमालती आमच्या हिने लावली. ती गेल्यावर दोन वर्षांनी रंगकामासाठी कमिटीने वेल गुडघ्याएवढी छाटली. सेक्रेटरींशी मी अबोला धरला. पण पावसाळ्यात धुमारे फुटले आणि फुलांनी कमान झाकली. तेव्हा कळलं, मधुमालतीला बहर नव्या फुटीवर येतो. मायेपोटी कात्री लावत नव्हतो तो मीच! आता थंडी सरली की छाटतो, बुंध्याशी शेणखत घालतो. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी, शेवटी लाल होतं.

सेक्रेटरीसाहेब, बँकेत चुकीची नोंद सापडली की उलटी नोंद करून आम्ही खातं जुळवायचो. आज तेच करतो, माफी मागतो. यंदा कात्री तुम्हीच धरा.